‘अंगावरून वारे जाणे’ : नाव आणि आजार

गेल्या भागात आपण शब्द आणि वस्तू यांचा संबंध पाहिला. शब्द कधीकधी वस्तूचा केवळ दिसणारा भाग टिपतो. आजारांची नावे हे त्याचे ठळक उदाहरण होय.

प्रमाण मराठीतील ‘पक्षाघात’ हिवरखेडसारख्या वऱ्हाडी गावात ‘लकवा’ होतो. कोणी ‘अंगावरून वारे गेले’ असेही म्हणतो. ‘पक्ष’ म्हणजे शरीराची बाजू. ‘अर्धांगवायू’त वायू आहे. अरबीतून आलेला ‘लकवा’ मूळचा वाकड्या झालेल्या चेहऱ्याचा. यांपैकी एकाही नावात मेंदू नाही. आजार मात्र मेंदूतच घडतो.

मेंदूचे वजन शरीराच्या सुमारे २ टक्के असते. ऑक्सिजन मात्र त्याला सुमारे २० टक्के लागतो. त्याचा साठा मेंदूत जवळजवळ नसल्याने रक्त अखंड वाहावे लागते. निरोगी अवस्थेत १०० ग्रॅम मेंदूतून मिनिटाला सुमारे ५० मिलिलिटर रक्त वाहते. गुठळीने धमनी अडून हे प्रमाण सुमारे २० च्या खाली गेले, की पेशींचे काम थांबते. सुमारे १० च्या खाली त्या काही मिनिटांतच मरू लागतात. या मृत गाभ्याभोवती निकामी झालेल्या, परंतु अद्याप जिवंत पेशींचे वलय असते. ग्रहणातील अंधुक छायेवरून त्याला ‘उपच्छाया’ म्हणतात. प्रवाह परतला तर ही उपच्छाया वाचते. अन्यथा गाभा तिच्यात पसरत जातो. मोठी धमनी अडल्यास मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी नष्ट होतात, असा अंदाज आहे.

बहुतेकांची भाषाकेंद्रे मेंदूच्या डाव्या गोलार्धात असतात. १८६१ मध्ये पॅरिस येथे पॉल ब्रोका यांनी केवळ ‘तान’ एवढेच उच्चारू शकणाऱ्या रुग्णाच्या डाव्या अग्रखंडातील इजा दाखवून दिली. डावा गोलार्ध शरीराच्या उजव्या बाजूचे नियमन करतो. म्हणूनच उजवा हात लुळा पडण्याबरोबर पुष्कळदा वाचाही जाते. या वाचाघातात जीभ शाबूत असूनही शब्द सापडत नाही.

‘वारे गेले’ म्हटले की लक्ष हाताकडे जाते. मग घरचे तेल चोळीत बसतात आणि उपच्छाया विझते. गुठळी विरघळविणारे औषध साधारणतः साडेचार तासांच्या आतच देता येते. तेही सीटी स्कॅनने रक्तस्राव नाही याची खात्री झाल्यावरच. तोंड वाकडे होणे, हात गळणे, बोलणे अडखळणे यांपैकी काहीही अचानक दिसताच १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

स्वाध्याय
१. ‘उपच्छाया’ ही संज्ञा येथे का समर्पक ठरते?
२. तुमच्या बोलीतील आजारांची तीन नावे नोंदवा. ती लक्षण सांगतात की कारण, ते लिहा.