वेगवेगळ्या टाइम झोनमधील ऑनलाइन खेळाची वेळ ठरवताना

समजा, तुमचा चौघांचा गट दर रविवारी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' ऑनलाइन खेळतो. दोघे भारतात, एक मैत्रीण लंडनमध्ये आणि खेळ चालवणारा गेम मास्टर टोरांटोत. जानेवारीत वेळ ठरली: भारतात रात्री ८:३०, लंडनला दुपारी ३, टोरांटोला सकाळी १०. ८ मार्च २०२६ ला तुम्ही बरोबर ८:३० ला लॉग-इन केले, तर टोरांटोचा मित्र तासभर वाट पाहून वैतागलेला! घड्याळ मात्र कोणाचेच चुकलेले नव्हते.

भारताची प्रमाणवेळ ८२°३०′ पूर्व रेखांशावरून ठरते. ती यूटीसीच्या ५ तास ३० मिनिटे पुढे असते आणि वर्षभर बदलत नाही. टोरांटोत मात्र मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळे एक तास पुढे करतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी पुन्हा मागे घेतात. ब्रिटनमध्ये हेच मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी होते. त्यामुळे २०२६ मध्ये ८, १५ आणि २२ मार्च या तीन रविवारी लंडन-टोरांटो अंतर ५ ऐवजी ४ तासच राहते. २५ ऑक्टोबरला पुन्हा एकदा तसेच होते.

म्हणून पहिला प्रश्न 'किती वाजता?' हा नसून 'कोणाच्या घड्याळाप्रमाणे?' हा आहे. भारतातील ८:३० कायम धरले, तर उन्हाळ्यात टोरांटोला ११ वाजतील. टोरांटोचे १० धरले, तर तुम्हाला ७:३० लाच बसावे लागेल. चार तासांचा खेळ असेल, तर हिवाळ्यात तुमचा डाव रात्री १२:३० ला संपतो आणि सोमवारी सकाळी प्रॅक्टिकल असते. ज्याच्याशिवाय खेळ होतच नाही त्याचे, म्हणजे गेम मास्टरचे घड्याळ धरणे मला सोयीचे वाटते. पण जागरण दर वेळी एकाच्याच वाट्याला येत असेल, तर तो गट फार दिवस टिकत नाही. अधूनमधून वेळ बदलून घ्या.

कॅलेंडरमध्ये नोंद करताना 'आयएसटी' एवढेच लिहू नका. इस्राएल आणि आयर्लंडच्या वेळेलाही हेच संक्षिप्त नाव आहे. टाइम झोन शहराच्या नावाने निवडा. संगणकाच्या यादीत भारतासाठी 'एशिया/कोलकाता' आहे. मुंबई किंवा दिल्ली शोधत बसू नका.

प्रोग्रामिंग शिकणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. होऊन गेलेल्या घटनेची वेळ यूटीसीत साठवणे ठीक. पण दर आठवड्याच्या पुढच्या खेळासाठी स्थानिक वेळ आणि झोनचे नाव अशी जोडी साठवावी लागते. 'टोरांटो सकाळी १०' याचे रूपांतर करून नुसते '१५:०० यूटीसी' ठेवले, तर मार्चमध्ये तुमचे ॲप टोरांटोला ११ दाखवेल.

वारही लिहा. टोरांटोत जानेवारीत शनिवारी रात्रीचे ९ वाजतात, तेव्हा भारतात रविवारी सकाळचे ७:३० झालेले असतात.