फराळ निघाला, पावती हरवली

डोंबिवलीच्या माझ्या ओळखीच्या एक काकू दरवर्षी दिवाळीआधी परदेशात फराळ पाठवतात. चकली, चिवडा, अनारसे, कडबोळी. डबा कुरियरने जातो, मागणी वेबसाइटवर येते. गेल्या हंगामात रात्री अडीचला त्यांचा फोन वाजला. पलीकडे न्यू जर्सीचे एक मराठी गृहस्थ. कार्डातून पैसे गेले, दुकानाकडून मात्र काहीच नाही, हा काय प्रकार? मागणी व्यवस्थित नोंदलेली होती आणि पावतीचा मेल वेबसाइटने त्याच क्षणी धाडलाही होता. तो त्यांच्या स्पॅम फोल्डरमध्ये, लॉटरीच्या बक्षिसाशेजारी निवांत पडला होता.

इथल्या गिऱ्हाइकाचं अशा वेळी फारसं अडत नाही. बँकेचा एसएमएस येतो, व्हॉट्सॲपवर दोन शब्दांत विचारता येतं. त्यामुळे आपले छोटे दुकानदार मेलकडे सावत्र नजरेनेच बघतात. न्यू जर्सीतल्या माणसाला मात्र दुकानाची पावती म्हणजे मेल.

काकूंनी आपल्या परीने उपचार सुरू केले होते. कुणीतरी सांगितलं, ‘फ्री’ शब्द काढा. काढला. उद्गारचिन्हं गेली, विषयाच्या ओळीतली पणती गेली, शेवटी ‘शुभ दीपावली’ही गेलं. मग मला फोन. “अरे, आता काय चकलीचं नाव पण काढू?”

शब्दांवर संशय घ्यायची ही रीत जुनीच आहे. २००२ साली पॉल ग्रॅहम या अमेरिकी प्रोग्रामरने एक लेख लिहिला. कोणता शब्द नको असलेल्या मेलमध्ये किती वेळा येतो आणि हव्या असलेल्या मेलमध्ये किती, यावरून नव्या मेलची शक्यता काढता येते, असं त्यात मांडलं होतं. स्पॅम अडवणाऱ्या अनेक गाळण्या त्या वाटेने गेल्या. आजही मजकूर पाहिला जातो, पण चौकशीची सुरुवात तिथून होत नाही. आधी विचारलं जातं, ‘तू कोण? आणि ज्याचं नाव सांगतोस त्याने तुला पाठवलंय का?’

हे विचारावं लागतं, कारण मेलची मूळ व्यवस्था विलक्षण भाबडी आहे. तिचे नियम जॉन पोस्टेल यांनी १९८२ साली मांडले, तेव्हा या जाळ्यावर विद्यापीठं, संशोधनसंस्था आणि सरकारी खाती एवढीच मंडळी होती. पाठवणाऱ्याच्या जागी कुणीही कुणाचंही नाव लिहावं, टपाल पोचवायचं. पोस्टाच्या पाकिटावर ‘प्रेषक’ म्हणून काहीही खरडलं तरी पोस्टमन ते तपासत नाही, तसंच. व्यापारी एसएमएस पाठवायला आपल्याकडे आधी नाव आणि मजकुराचा साचा टेलिकॉम कंपनीकडे नोंदवावा लागतो. मेलला असं नाकं नाही. नाकं आहे ते पोचायच्या टोकाला.

काकूंच्या बाबतीत एक गंमत होती. त्या स्वतः टाइप करून जो मेल पाठवत तो बिनबोभाट पोचायचा. वेबसाइट आपोआप पाठवायची तोच अडकायचा. नाव तेच, दुकान तेच. दोष इथेच सापडला. त्यांची मेलपेटी एका कंपनीकडे होती आणि वेबसाइट दुसऱ्याच कंपनीच्या स्वस्त सामायिक सर्व्हरवर. काकूंच्या नावाने पाठवायची मुभा फक्त पहिलीला दिलेली होती. वेबसाइटचा सर्व्हर जगाच्या लेखी तोतया.

ही मुभा म्हणजे एसपीएफ, २००६ पासून रूढ असलेली पद्धत. डोमेनच्या, म्हणजे वेबसाइटच्या नावाच्या, डीएनएस नोंदीत (इंटरनेटच्या सार्वजनिक पत्तेवहीत) एक ओळ लिहायची, की माझ्या नावाने अमुक अमुक सर्व्हरच मेल पाठवतील. सोपं वाटतं आणि इथेच लोक घसरतात. नवी सेवा घेतली की नवी ओळ जोडून मोकळे होतात. पण एका नावाला अशी एकच ओळ चालते. दोन झाल्या की तपासणीच फसते. जुन्याच ओळीत नव्या सर्व्हरची भर घालायची असते. शिवाय ती ओळ वाचताना डीएनएसला दहापेक्षा जास्त वेळा विचारायला लागलं, तरी तपासणी बाद.

दुसरी सोय डीकेआयएम. पत्रावर लाखेचा शिक्का मारावा तशी ही मेलवरची गुप्त किल्लीने केलेली सही. ती पडताळायची उघडी किल्ली डीएनएसमध्ये ठेवलेली असते. वाटेत मजकूर बदलला तर सही जुळत नाही. गिऱ्हाइकाने आपला मेल एका पत्त्यावरून दुसऱ्यावर वळवलेला असेल तर एसपीएफ बहुधा कोलमडतं, सही बहुतेक वेळा तगते. म्हणून दोन्ही हवीत.

आणि तिसरं डीमार्क, २०१२ सालचं. मला विचाराल तर खरी मेख यात आहे. मेलला दोन प्रेषक असतात. एक पाकिटावरचा, जो सर्व्हर वाचतात, आणि एक आतल्या कागदावरचा, जो माणसाला दिसतो. मेल धाडणाऱ्या सेवा पुष्कळदा पाकिटावर स्वतःचं नाव टाकतात आणि सहीही स्वतःचीच करतात. दोन्ही तपासण्या पास होतात, पण त्या सेवेच्या नावावर. गिऱ्हाइकाला दिसणारं तुमचं नाव अनाथच राहतं. निदान एका तपासणीतलं नाव दिसणाऱ्या नावाशी जुळतं का, हे डीमार्क बघतं आणि न जुळल्यास काय करायचं, त्याची सूचना डोमेनच्या मालकाकडून घेतं. म्हणून सेवा घेताना ‘तुमची नव्हे, माझ्या डोमेनची सही’ असं सेटिंग शोधून चालू करायचं.

वेबसाइटवरच्या चौकशीच्या फॉर्मचंही असंच. गिऱ्हाइकाने भरलेला त्याचा पत्ताच ‘प्रेषक’ म्हणून लावला, की तुमची वेबसाइट त्याच्या नावाने बनावट पत्र लिहिते. याहूने एप्रिल २०१४ मध्ये आपल्या नावाचे असे मेल सरळ परत धाडा, असा हुकूम काढला, तेव्हा सभासदाचं पत्र त्याच्याच नावाने सगळ्यांना वाटणाऱ्या जगभरच्या कितीतरी मेलिंग लिस्ट विस्कळीत झाल्या. प्रेषक म्हणून स्वतःचं डोमेन ठेवावं, गिऱ्हाइकाचा पत्ता फक्त उत्तराच्या रकान्यात.

फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल आणि याहूने हे सारं सक्तीचं केलं. दिवसाला पाच हजारांहून अधिक मेल जीमेलला पाठवणाऱ्याकडे तिन्ही गोष्टी हव्यात, छोट्यांना पहिल्या दोहोंपैकी एक तरी. जाहिरातीच्या मेलला एका क्लिकमध्ये नाव कमी करायची सोय हवी. पावतीच्या मेलला ती अट नाही. ‘हे स्पॅम आहे’ असं बटण दाबणारे हजारात तिनावर जाता कामा नयेत, एकाच्या आत राहिले तर बरं.

या बटणाचं दुखणं कागदपत्रांनी बरं होत नाही. चकली मागवलेल्या बाईंना न विचारता वर्षभर गुढीपाडव्याच्या आणि राखीच्या ऑफर येत राहिल्या, की एक दिवस त्या कंटाळून बटण दाबतात. नाराजी ऑफरवर असते, खातं मात्र दुकानाचं खराब होतं आणि पुढच्या माणसाची पावती त्यात भरडली जाते. ऑफर आणि पावत्या वेगवेगळ्या उपडोमेनवरून पाठवाव्यात, हे मी काकूंना पहिलं सांगितलं. दुसरं म्हणजे वर्षभर गप्प बसून वसुबारसेला एकदम जुनी सगळी यादी उपसायची नाही. अनोळखी ठिकाणाहून अचानक उसळलेली गर्दी गाळणीला खटकते, जुन्या यादीतले बंद पडलेले पत्ते तर जास्तच. तिसरं, सामायिक सर्व्हर सोडायचा. एकाच आयपी पत्त्यावरून अनेक वेबसाइट मेल पाठवतात, त्यातल्या एकीने उद्योग केले की सुक्याबरोबर ओलंही जळतं.

सगळं लावून झाल्यावर काकूंनी स्वतःच्याच दुकानातून पाव किलो चिवडा मागवला. जीमेलमध्ये मेल उघडून ‘शो ओरिजिनल’ दाबलं, की वर तीन तपासण्यांचा निकाल दिसतो. तिन्हीपुढे ‘पास’. त्यांनी तो मेल मला दोनदा दाखवला. शिवाय आता पैसे भरल्याबरोबर ऑर्डरचा क्रमांक पडद्यावरच मोठ्या अक्षरात येतो, खाली ‘मेल दिसला नाही तर स्पॅममध्ये बघा’.

निघताना मी सहज त्यांचा स्वतःचा स्पॅम फोल्डर उघडला. त्यात डोमेनचं नूतनीकरण करा अशी तीन स्मरणपत्रं होती. मुदत संपायला चार दिवस उरले होते.