मैदान आणि विद्यापीठ (लेखांक १४) : मैंदर्गीचा खेळाडू कुठल्या झोनचा?

आंतरविद्यापीठ क्रिकेटच्या रोहिंटन बारिया करंडकाची गोष्ट आज सांगायचं कबूल केलं होतं. ती आठवडाभर लांबणीवर टाकतोय, कारण अक्कलकोट तालुक्यातल्या मैंदर्गीहून आलेलं एक पत्र. लिहिणारे निवृत्त शिक्षक आहेत. त्यांचा नातू अमेरिकेतल्या एका लहानशा विद्यापीठात शिकतो. त्या विद्यापीठाला एखाद्या मोठ्या कॉन्फरन्समध्ये घेतील अशी चर्चा आहे आणि तिथली पोरं देव पाण्यात घालून बसली आहेत. गुरुजी विचारतात, आपल्या सोलापूर विद्यापीठालाही असं मोठ्या गटात घेतात का, आणि त्यासाठी काय करावं लागतं?

गुरुजी, आपण त्या गटात आधीपासूनच आहोत. आपली अडचण वेगळीच आहे. पण आधी तिकडचा मामला बघू.

अमेरिकेत कॉन्फरन्स म्हणजे दरवर्षी एकमेकांशी खेळणाऱ्या विद्यापीठांचा बांधलेला गट. टीव्ही कंपन्यांशी करार हा गट करतो, पैसा वाटून घेतो आणि नवा सदस्य घ्यायचा की नाही हे जुने सदस्य मतदानानं ठरवतात. संघ कितीही चांगला असो, निमंत्रण नाही तर प्रवेश नाही. डॅलसच्या सदर्न मेथडिस्ट विद्यापीठाचं बघा. खेळाडूंना चोरून पैसे दिले म्हणून १९८७ साली त्यांच्या अमेरिकन फुटबॉल संघाचा अख्खा हंगाम रद्द झाला. पुढे त्यांचा जुना गटही मोडला, आणि पुन्हा मोठ्या गटात शिरायला २०२४ साल उजाडलं. अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्सनं त्यांना घेतलं, तेही नऊ वर्षं टीव्हीच्या पैशातला वाटा मागणार नाही या बोलीवर. पहिल्याच हंगामात हा संघ गटाच्या अंतिम सामन्यापर्यंत पोचला! त्याच वर्षी स्टॅनफर्ड आणि बर्कली ही प्रशांत महासागराकडची विद्यापीठंही या अटलांटिक गटात गेली. त्यांच्या जुन्या पॅक-१२ गटात दोनच विद्यापीठं उरली. तो गट आता नव्यानं बांधला जातोय आणि त्यात बोलावलेल्यांपैकी एक आहे गोन्झागा. स्पोकेन शहरातलं लहान विद्यापीठ, फुटबॉलचा संघसुद्धा नाही. केवळ बास्केटबॉलच्या जोरावर त्याला निमंत्रण मिळालं. गोन्झागा ध्यानात ठेवा, मला त्याच्याकडे परत यायचंय.

आपल्याकडे मतदान नाही, नकाशा आहे. असोसिएशन ऑफ इंडियन युनिव्हर्सिटीज ही १९२५ साली इंटर-युनिव्हर्सिटी बोर्ड म्हणून सुरू झालेली संस्था विद्यापीठांच्या स्पर्धा भरवते आणि देशाचे विभाग पाडते. महाराष्ट्र, गुजरात, राजस्थान, मध्य प्रदेश, गोवा हे वेस्ट झोनमध्ये. कुस्ती किंवा ॲथलेटिक्सला थेट ऑल इंडिया. बहुतेक सांघिक खेळांत मात्र आधी झोन खेळायचा आणि झोनमधले पहिले चार संघ पुढे जायचे. म्हणून आपल्या मैदानांवर कुणाची ओळख करून देताना ‘हा युनिव्हर्सिटी खेळलाय’ आणि ‘हा ऑल इंडिया खेळलाय’ अशी दोन वाक्यं वेगवेगळ्या आवाजात ऐकू येतात.

मैंदर्गीत हा नकाशा फार जवळून दिसतो. तिथला मुलगा बारावीनंतर अक्कलकोटच्या खेडगी महाविद्यालयात गेला, तर सोलापूर विद्यापीठाचा आणि म्हणून वेस्ट झोनचा. थोडं पलीकडे, कर्नाटकात, कलबुर्गी जिल्ह्यातला अफजलपूर तालुका. तिथला मुलगा गुलबर्गा विद्यापीठाचा, म्हणजे साऊथ झोनचा. घरी दोघांचीही भाषा कन्नड असते, सोयरीक एकमेकांच्या गावांत असते, जत्रेतल्या आखाड्यात दोघं एकमेकांना भिडतात. विद्यापीठाचा टी-शर्ट अंगात चढला की एकानं मुंबई-पुण्याशी झुंजायचं आणि दुसऱ्यानं केरळ-तमिळनाडूशी. फुटबॉलवाला असेल तर दुसऱ्याच्या वाट्याला थेट कालिकत विद्यापीठ! निम्मा ड्रॉ गावाच्या हद्दीनं आधीच काढून ठेवलेला असतो.

आता आपली अडचण. सोलापूर आधी मुंबई विद्यापीठाकडे होतं, १९४९ नंतर पुण्याकडे, १९६२ पासून कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाकडे. १ ऑगस्ट २००४ रोजी सोलापूरचं स्वतंत्र विद्यापीठ झालं. २०१९ मध्ये त्याला पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकरांचं नाव मिळालं. कार्यक्षेत्र एकाच जिल्ह्याचं, अकरा तालुके. शेजारी शिवाजी विद्यापीठाकडे तीन जिल्हे, पुण्याकडे तीन, मुंबईकडे सिंधुदुर्गापर्यंत सात. झोनमध्ये मात्र प्रत्येक विद्यापीठाचा एका खेळात एकच संघ.

२००४ ची ही फाळणी खेळाच्या बाजूनं कुणी नीट मांडलेली मी वाचली नाही, म्हणून जरा थांबतो. शिवाजी विद्यापीठाच्या काळात अक्कलकोटच्या पोराला विद्यापीठाच्या संघात यायचं, तर आधी कोल्हापूर, सांगली, साताऱ्याच्या पोरांना मागं टाकावं लागे. निवड चाचणीला कोल्हापूरपर्यंतचा प्रवास, मुक्काम, आणि समोर तालमीत वाढलेले गडी. पण त्यातून जो निवडला जाई, तो तगड्या संघाचा भाग असे. २००४ नंतर हिशेब उलटला. संघातल्या सगळ्या जागा आपल्या पोरांच्या. मैंदर्गी, दुधनी, करमाळा, सांगोला इथली मुलं, आणि मुलीसुद्धा, आता केगावला, विद्यापीठाच्या आवारात, सराव शिबिराला येतात. घरच्यांना केगाव परकं वाटत नाही, ही मुलींच्या बाबतीत फार मोठी गोष्ट आहे. संघ म्हणून मात्र एक जिल्हा सात जिल्ह्यांसमोर उभा राहतो. दार रुंद झालं आणि पायऱ्या उंच झाल्या. मला विचाराल तर सौदा तोट्याचा नाही. विद्यापीठाचं पहिलं काम जास्तीत जास्त पोरांना मैदानात उतरवणं हेच आहे.

गळती मात्र आहे, आणि ती मनाला लागते. माळशिरस तालुक्यातल्या मिरे गावची किरण नवगिरे पुण्याला शिकायला गेली, तिथं मैदानी खेळांतून क्रिकेटकडे वळली, २०२२ साली नागालँडकडून टी-ट्वेंटीत नाबाद १६२ धावा केल्या आणि त्याच वर्षी भारताकडून खेळली. जिल्ह्याला तिचा अभिमान आहेच. पण असा खेळाडू आधी पुण्याला जातो, कारण प्रशिक्षक, जिम आणि रोजचे सामने तिथं आहेत. त्यात आता खासगी विद्यापीठं. फी माफ, वसतिगृह फुकट, आहार वेगळा, असं सांगून ती देशभरातून खेळाडू आणतात. २०२० साली भुवनेश्वरला खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धा सुरू झाल्या, तेव्हा पंजाब विद्यापीठ पहिलं आणि पुणे दुसरं होतं, दोन्ही सरकारी. २०२२ ला बंगळुरूच्या जैन विद्यापीठानं बाजी मारली, २०२४ ला चंदीगड विद्यापीठानं, दोन्ही खासगी. अमेरिकेत कॉन्फरन्सच्या दारात जो पैसा उभा असतो, तो आपल्याकडे या वाटेनं आला. सोलापूर विद्यापीठाला असे खेळाडू विकत आणता येणार नाहीत, आणि आणूही नयेत. मग मैंदर्गीच्या पोराची जागा कुठं राहिली?

गोन्झागा इथं कामाला येतं. सगळ्या खेळांत थोडं थोडं करण्यापेक्षा दोन-तीन खेळ धरावेत, आणि माझं पहिलं मत खो-खोला. वेळापूरसारख्या गावानं या खेळात वर्षानुवर्षं खेळाडू घडवले आहेत. मैदानात एका वेळी नऊ जण लागतात. एका जिल्ह्याला नऊ अव्वल गडी उभे करणं जमतं, आणि समोरच्याचे सात जिल्हे तिथं फारसे उपयोगी पडत नाहीत. दुसरं मत कुस्तीला, कारण तिथं झोनची चाळणीच नाही, वजनगटात एकटा मल्ल थेट ऑल इंडियाला जातो. खर्चाची मुख्य बाब मॅट आहे. खो-खो आणि कुस्ती दोन्ही आता मॅटवर खेळतात, आणि आपली पोरं मातीवर तयार होतात. मातीवर पाय रोवून सूर मारणाऱ्या मुलीला मॅटवर पकड सापडायला महिने लागतात. ते झोनच्या आदल्या आठवड्यातल्या शिबिरात होत नाही. केगावला एक मॅट आहे की नाही यापेक्षा अक्कलकोट, माळशिरस, बार्शी, सांगोला इथं एकेक आहे का, हे विचारायला हवं. शिबिर स्पर्धेच्या तोंडावर न भरवता जुलैपासून, प्रवेश झाले की लगेच, त्या त्या तालुक्यात सुरू करावं. वयाची मर्यादा पंचवीस आहे, म्हणजे सतराव्या वर्षी आलेली मुलगी पदवी आणि पदव्युत्तर मिळून पाच हंगाम देऊ शकते. तीच मुलगी पाच वर्षं टिकली, तर वेस्ट झोनचे पहिले चार मला अशक्य वाटत नाहीत.

बारिया करंडक आता पुढच्या आठवड्यात, नक्की. त्यातही सोलापूर आहेच: इथं १९२६ साली जन्मलेले पॉली उमरीगर मुंबई विद्यापीठाचे कर्णधार होते. १९४८ मध्ये वेस्ट इंडीजविरुद्ध संयुक्त विद्यापीठांकडून त्यांनी नाबाद ११५ धावा केल्या आणि त्याच दौऱ्यात कसोटी संघात गेले. गुरुजींनी दुसऱ्या पत्रात मैंदर्गीतल्या जुन्या खो-खोपटूंची माहिती पाठवायचं मान्य केलं आहे, तिची मी वाट पाहतोय.