क्वेत्सालानला सोमवारीही थांबा

पुएब्ला शहरातून बस निघते तेव्हा बाहेर मेक्सिकोचं कोरडं पठार असतं. चारेक तासांनी, सिएर्रा नोर्तेचा घाट उतरत क्वेत्सालानला पोचेपर्यंत काचांवर पाणी साचलेलं असतं. आखातावरून येणारी दमट हवा या डोंगरांना अडते. म्हणून साधारण हजार मीटर उंचीवरच्या या गावात ऐन कोरड्या ऋतूतही भुरभुर चालू असते. दगडी पायऱ्या आणि फरसबंद उतार शेवाळलेले असतात. चांगली पकड असलेले बूटच घालून या.

बहुतेक पाहुणे रविवारी येतात आणि ते बरोबरच आहे. त्या दिवशी आसपासच्या वस्त्यांमधले नाहुआ शेतकरी बाजाराला उतरतात. पांढरे घागरे आणि झिरझिरीत विणलेले खांदेवस्त्र घातलेल्या बायका कॉफी, दालचिनी, व्हॅनिला, रानभाज्या, फुलं मांडून बसतात. मक्याच्या पिठात वाटाण्याचं सारण भरून तव्यावर भाजलेले लांबट त्लायोयो इथेच खावेत, गरम असताना. सारणातल्या अव्होकाडोच्या पानाला बडीशेपेसारखा वास असतो.

चर्चसमोरच्या उंच खांबावरून व्होलादोरेस उतरतात. पाच जण वर चढतात. एक टोकावर बासरी आणि छोटा ढोल वाजवत राहतो, चौघे कमरेला दोर बांधून उलटे झेपावतात. परंपरेनुसार प्रत्येकाच्या तेरा फेऱ्या, मिळून बावन्न. जुन्या मेसोअमेरिकी कालगणनेतलं एक चक्र बावन्न वर्षांचंच. हा विधी 2009 मध्ये युनेस्कोच्या वारसा यादीत आला. फोटो जरूर काढा, पण झेप घेण्याआधीचा नाचही पाहा. तो प्रार्थनेचाच भाग आहे.

पण संध्याकाळची परतीची बस पकडू नका. हे गाव कशावर उभं आहे ते कामाच्या दिवशी कळतं.

घरांच्या वळचणीला मातीची मडकी दिसतील, दोन-दोन, तोंडाला तोंड लावून, सांधा राखेने लिंपलेला. ती डंख नसलेल्या छोट्या माश्यांची पोळी. युरोपीय मधमाशी इथे येण्याच्या कितीतरी आधीपासून त्या पाळल्या जात आहेत. वसाहत वाढवायची तर मडकी वेगळी करतात आणि प्रत्येकावर रिकामं मडकं बसवतात. माश्या कॉफीच्या बागांमध्ये, ऑलस्पाइसच्या झाडांवर हिंडतात. त्यामुळे सावली देणारी जुनी झाडं तोडणं म्हणजे मधावरही पाणी सोडणं.

या बागा टिकल्या त्यामागे तोसेपान तितातानिस्के ही सहकारी संस्था आहे. मी सहकारी साखर कारखान्यांच्या मुलखात वाढले, म्हणून तिची सुरुवात मला फार जवळची वाटली. आपल्याकडे शेतकरी साखर करायला एकत्र आले. इथे 1977 मध्ये ते साखर विकत घ्यायला एकत्र आले, कारण डोंगरातले व्यापारी ती अवाच्या सवा भावाने विकत होते. मग ऑलस्पाइस आणि कॉफीची विक्री त्यांनी स्वतःच्या हातात घेतली. 1989 मध्ये कॉफीचा आंतरराष्ट्रीय करार कोसळला, भाव गडगडले आणि त्याच डिसेंबरात कडाक्याच्या थंडीने झाडं करपली. तरी संस्था तगली. आज तिची स्वतःची पतसंस्था आहे, सेंद्रिय कॉफी आहे आणि या माश्यांचा मधही ती विकते. पर्यटकांच्या माहितीपत्रकात हा इतिहास दोन ओळींत उरकतात, याचं मला वाईट वाटतं.

योहुआलिचानचे कोनाडेदार पिरॅमिड जवळच आहेत. अर्धा दिवस पुरतो. मुक्कामासाठी तासेलोत्सिन पाहा. ते नाहुआ विणकर बायकांनी मिळून उभारलेलं हॉटेल आहे, आणि मागावरचं विणकाम तिथे विकतही मिळतं.

मध घ्याल तर लहान बाटली घ्या. तो पातळ आणि आंबटसर असतो, त्यात पाण्याचा अंश जास्त. घरी आल्यावर फ्रिजमध्येच ठेवा, नाहीतर आंबेल.