पगाराचा बाजारभाव कसा पारखावा

"बाहेर मला पंचेचाळीस हजार मिळतायत," असं राजीनामा हातात घेतलेला माणूस सांगतो आणि मालक घाईघाईने तेवढे कबूल करतो. चाकण, वाळूज, अंबडच्या लहानमोठ्या कारखान्यांत पगार बऱ्याचदा असेच ठरतात. आकडा खराही असेल. पण तो कुठल्या कामाचा आणि कधीचा, हे न बघता दिला, की त्याच्याच शेजारी दहा वर्षं राबणाऱ्यावर अन्याय होतो.

पदनाम सोडा, काम बघा

सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. 'क्वालिटी इंजिनिअर' घ्या. एका कारखान्यात तो लाइनवर उभा राहून व्हर्नियरने जॉब मोजतो, रजिस्टर भरतो. दुसरीकडे तोच ग्राहकाच्या ऑडिटला तोंड देतो, नाकारलेल्या मालाचं मूळ कारण शोधतो आणि पुन्हा तसं होणार नाही याची लेखी हमी देतो. पाटी एकच, पगार एक कसा असेल? म्हणून बाजारातल्या पगारांचं सर्वेक्षण उघडण्याआधी आपल्याकडच्या कामाचं चार ओळींत वर्णन लिहावं: हाताखाली किती माणसं, कोणते निर्णय स्वतःचे, अनुभव किती लागतो. सर्वेक्षणातल्या वर्णनाशी ते साधारण 70 टक्के जुळलं तरच आकडा घ्यायचा, असा या क्षेत्रात रिवाज आहे.

आकडा कुणी दिला?

मर्सर, एऑन यांसारख्या संस्था कंपन्यांकडूनच पगाराची माहिती गोळा करतात. ती जास्त भरवशाची. मात्र सहभागी कंपन्यांची यादी मागून घ्या. त्यात नुसत्या बहुराष्ट्रीय कंपन्या असतील, तर साठ माणसांच्या कारखान्याला तो आकडा लागू पडत नाही. ॲम्बिशनबॉक्स, ग्लासडोरवर कर्मचारी स्वतः पगार सांगतात. त्यावरून अंदाज येतो, पण चार-पाच नोंदींवर निर्णय घेऊ नये. सरकारी किमान वेतन ही कायद्याची खालची मर्यादा आहे, तो बाजारभाव नव्हे.

सीटीसी की हातातला पगार?

सीटीसी म्हणजे कंपनीला त्या माणसावर पडणारा वर्षाचा एकूण खर्च. सहा लाखांचं सीटीसी म्हणजे महिना 50,000. मूळ वेतन 25,000 धरलं आणि पीएफ पूर्ण मूळ वेतनावर कापला, तर कंपनीचा 12 टक्के हिस्सा 3,000 आणि ग्रॅच्युइटीची 4.81 टक्के तरतूद सुमारे 1,200 आधीच वजा होते. मग कर्मचाऱ्याचा स्वतःचा पीएफ 3,000, व्यवसाय कर 200. हातात साडेबेचाळीस हजारांच्या आसपास येतात. तुलना करताना दोन्ही आकडे एकाच जातीचे हवेत.

सरासरीपेक्षा मध्यक बरा

पाच जणांचे पगार 28, 30, 31, 33 आणि 78 हजार असले, तर सरासरी 40 येते. प्रत्यक्षात चौघं त्याच्या बरेच खाली आहेत. मध्यक, म्हणजे चढत्या क्रमातला मधला आकडा, 31 हजार; बाजार तिथे आहे.

आकड्याचं वय

एप्रिलचा 40,000 हा आकडा जानेवारीत वापरायचा आणि वार्षिक वाढ 9 टक्के धरली, तर नऊ महिन्यांचे पावणेसात टक्के चढवून 42,700 धरावेत. दोन वर्षं जुन्या सर्वेक्षणावर मात्र असे टक्के चढवत बसू नये; नवं विकत घ्यावं. ते परवडत नसेल, तर गेल्या सहा महिन्यांत आपण स्वतः ज्यांना नेमलं आणि पगाराच्या कारणाने ज्यांनी नकार दिला, त्यांचे आकडे वहीत मांडून ठेवावेत.