पिंपातील डिझेल आणि पावसाचे पाणी



तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत, हे स्वयंपाकघरात वावरणाऱ्या प्रत्येकास ठाऊक आहे. शेतावर साठविलेल्या डिझेलमध्ये पाणी कोठून शिरते, तेथे ते काय अनर्थ करते आणि त्यास बाहेर कसे ठेवावे, याचा विचार याच साध्या गोष्टीपासून आरंभिता येईल. शहरात राहणाऱ्या पुष्कळ कुटुंबांची वडिलोपार्जित जमीन अद्याप गावाकडे आहे. तेथील ट्रॅक्टर ऐन पेरणीत अडून बसला, तर त्याची झळ शहरातील घरासही लागते. तेव्हा हा विषय खेड्यातला म्हणून परका मानण्याचे कारण नाही.

वर्धा जिल्ह्याचे उदाहरण घेऊ. तेथे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास चढतो आणि वर्षाकाठी पडणाऱ्या सुमारे १००० मिलिमीटर पावसापैकी बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. मृगाच्या सरी कोसळल्या, की कपाशी, तूर आणि सोयाबीन यांच्या पेरणीची एकच घाई उडते. काळ्या मातीतील पांदणरस्ते चिखलाने भरून गेले, म्हणजे पंपावरून वरचेवर डिझेल आणणे कठीण होते. म्हणून दूरदृष्टीचा शेतकरी २०० लिटरांचे एखादे लोखंडी पिंप भरून ठेवतो. ही दूरदृष्टी योग्यच होय. परंतु पिंप कसे ठेवले आहे, यावर तिचे फळ अवलंबून असते.

अर्धे रिकामे पिंप रात्री थंड झाले, की आतील हवेतील बाष्पाचे दव बनून ते तेलात उतरते, असे सामान्यतः सांगितले जाते. हे खोटे नाही; पण याचा थोडा हिशेब करून पाहावा. शंभर लिटर हवा असलेले पिंप दिवसापेक्षा रात्री २० अंशांनी थंड झाले, तर ते बाहेरची सहा-साडेसहा लिटर हवा आत ओढते. पावसाळ्यातील अगदी दमट हवेतही एवढ्या हवेत पाणी असते ते सुमारे पंचमांश ग्रॅम. ते सगळेच्या सगळे रोज रात्री तेलात पडले असे धरले, तरी चार महिन्यांत जमा होईल ते २४-२५ ग्रॅम, म्हणजे जवळजवळ दोन तोळे. मोठ्या टाक्यांत हे प्रमाण अर्थातच वाढते. पण पिंपाच्या तळाशी जे लिटर-दोन लिटर पाणी सापडते, त्याचा उलगडा दवाने होत नाही.

खरा अपराधी निराळाच आहे. उभ्या पिंपाच्या माथ्यास कड असते. तिच्या आत पावसाचे पाणी साचते आणि केवळ एक सेंटिमीटर उंचीचे पाणी साचले, तरी ते अडीच लिटर भरते. दोन्ही बुचे याच माथ्यावर असतात. सकाळच्या कडक उन्हाने तापलेल्या पिंपावर दुपारी अकस्मात सर आली, म्हणजे आतील हवा व तेल आकुंचन पावतात आणि पिंप श्वास घेऊ लागते. बुचाची चकती झिजलेली असेल, तर त्या श्वासाबरोबर हवेऐवजी पाणीच आत ओढले जाते. तुलनेसाठी सांगतो : भारतीय मानकाप्रमाणे एक किलोग्रॅम डिझेलमध्ये २०० मिलिग्रॅमपर्यंत पाणी चालते, म्हणजे भरलेल्या पिंपामागे सुमारे ३३ ग्रॅम. एकच सर याच्या कितीतरी पट पाणी आत पोहोचवू शकते.

एक लिटर डिझेलचे वजन साधारणतः ८२० ते ८४५ ग्रॅम असते. पाणी त्याहून जड, म्हणून ते तळाशी बसते. डिझेल इंजिनातील पंपाचा दट्ट्या आणि त्याची नळी यांच्यामध्ये मिलिमीटरचे काही सहस्रांश एवढीच फट असते आणि त्यास वंगण मिळते ते डिझेलचेच. तेथे पाणी आले, की वंगणाचा थर तुटतो, पोलाद गंजते आणि तापलेल्या नोझलच्या टोकाशी पाण्याची एकदम वाफ होऊन ते टोक खराब होते. नव्या इंजिनांत तेलाचा दाब हवेच्या दाबाच्या हजार पटींहूनही अधिक असल्यामुळे ती याबाबतीत अधिकच नाजूक असतात. याखेरीज, तेल आणि पाणी जेथे भेटतात त्या सीमेवर बुरशी व जिवाणू वाढतात. त्यांचा बुळबुळीत साका गाळणीत अडकून तेलाचा मार्गच बंद करतो.

उपाय खर्चाचे नाहीत. पिंप छपराखाली, उन्हापासून दूर, लाकडी ओंडक्यांवर आडवे ठेवावे. घड्याळाच्या तबकडीवरील तीन आणि नऊ यांच्या जागी दोन्ही बुचे येतील असे ते फिरवावे. त्यामुळे भरलेल्या पिंपातील तेल बुचांच्या वर राहून चकत्या ओल्या राहतात. उभे ठेवणे भागच असेल, तर एका बाजूखाली वीट सारून त्यास कलते करावे आणि बुचे उताराच्या दोन बाजूंस आडव्या रेषेत ठेवावीत; म्हणजे पाणी खालच्या कडेस जमून बुचांपर्यंत पोहोचणार नाही. चकत्या दरवर्षी मृगापूर्वी बदलाव्यात. जस्ताचा मुलामा दिलेले भांडे मात्र वापरू नये. जस्त आणि डिझेल यांचा सहवास चांगला नव्हे.

पिंप भरल्यावर वा हलविल्यावर एक दिवस स्थिर राहू द्यावे. ओढनळी तळापर्यंत न नेता चार बोटे वर ठेवावी. महिन्यातून एकदा तळाचे थोडे तेल काचेच्या स्वच्छ बाटलीत काढून उजेडात पाहावे : निर्मळ दिसले तर ठीक, गढूळ दिसले किंवा खाली निराळा थर दिसला, तर पाणी आले असे समजावे. पाणी दर्शविणारा लेपही मिळतो. तो काठीच्या टोकास लावून बुडविला, की पाणी लागलेल्या भागाचा रंग बदलतो. फडक्यातून गाळल्याने कचरा अडतो, पाणी अडत नाही. ट्रॅक्टरवरील पाणी वेगळे करणारी वाटी रोज सकाळी यंत्र सुरू करण्यापूर्वी रिकामी करावी. काढलेले तेलमिश्रित पाणी विहिरीजवळ वा वावरात ओतू नये.

कायद्याचीही एक गोष्ट ध्यानात असावी. १९३४ च्या पेट्रोलियम कायद्याप्रमाणे एका जागी एकंदर २५०० लिटरांपर्यंत आणि कोणत्याही एका भांड्यात १००० लिटरांहून अधिक नसलेले डिझेल ठेवण्यास परवाना लागत नाही. परवाना नको, म्हणून सावधगिरी नको असे मात्र नाही. पिंपापासून चूल, विडी आणि विजेची ठिणगी दूरच असावी.

या दिवाळीस गावाकडे गेलात, तर गोठ्याजवळचे पिंप एकवार अवश्य पाहावे. ते आकाशाकडे तोंड करून उभे असेल, तर पुढील मृगापूर्वी त्यास छपराखाली आडवे निजवावे. दोन माणसांचे हे घटकाभराचे काम आहे.