दावे सुटल्यानंतर : मुक्त गोठ्यातील वर्चस्वाच्या झुंजी

उजनी धरणाचा फुगवटा आणि नीरा डावा कालवा या दोन पाण्यांच्या आधाराने इंदापूर आणि बारामती या मूळच्या अवर्षणप्रवण तालुक्यांत उसाबरोबर दुधाचा धंदाही रुजला, आणि भिगवणच्या आसपासच्या वस्त्यांवर आज ऊस, मका आणि संकरित गाय ही तिन्ही एकाच घराच्या हिशेबात येतात. भिगवणवरून जाणाऱ्या पुणे-सोलापूर रस्त्यावर, पुण्याच्या बाजूला, उरुळी कांचन येथे मणिभाई देसाई यांनी १९६७ साली स्थापन केलेल्या ‘बाएफ’ या संस्थेने होल्स्टिन फ्रिजियन आणि जर्सी वळूंच्या वीर्यापासून संकरित गायी तयार करण्याचे काम हाती घेतले, त्यानंतर ते राज्यभर पसरले आणि खिलार बैलांच्या गोठ्यात काळ्या-पांढऱ्या गायी दिसू लागल्या. जनावर बदलले तरी गोठा मात्र बराच काळ जुन्याच धर्तीचा राहिला. प्रत्येक गायीला तिचा खुंटा, तिचे दावे आणि गव्हाणीवरचा तिचा ठरलेला वाटा असे. अलीकडच्या काळात दावी सोडून कुंपणाच्या आत गायी मोकळ्या ठेवण्याची पद्धत, म्हणजेच मुक्त संचार गोठा, या भागात मोठ्या प्रमाणावर स्वीकारली गेली आणि तिच्याबरोबर एक असा प्रश्न आला, जो बांधलेल्या गोठ्यात फारसा उद्भवतच नव्हता : एकत्र ठेवलेल्या गायी परस्परांशी झुंजतात, तेव्हा मालकाने काय करावे?

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यापूर्वी झुंज कशासाठी होते ते पाहणे आवश्यक आहे. गाय हा कळपाने राहणारा प्राणी असून कळपातील प्रत्येक दोन गायींमध्ये कोणी कोणाला वाट द्यायची हे ठरलेले असते. या ठरलेल्या नात्यांच्या जाळ्याला प्राणिवर्तनशास्त्रात वर्चस्वक्रम असे म्हणतात. या क्रमाचा पद्धतशीर अभ्यास प्रथम कोंबड्यांवर झाला. नॉर्वेचे थोरलाइफ श्येल्डरुप-एब्बे यांनी खुराड्यातील कोणती कोंबडी कोणत्या कोंबडीला टोचते आणि कोणती उलट टोचत नाही, याच्या नोंदी वर्षानुवर्षे ठेवल्या आणि १९२२ साली त्या प्रसिद्ध केल्या. मुक्त गोठ्यात गोचीड वेचण्यासाठी गावरान कोंबड्या सोडण्याची पद्धत आपल्याकडे आहे, त्यामुळे हे दोन्ही क्रम एकाच कुंपणात पाहावयास मिळतात. दुभत्या गायींच्या कळपातील वर्चस्वक्रमावर अमेरिकेतील शाइन आणि फोरमन यांचा निबंध १९५५ साली आला, आणि वय व वजन यांचा गायीच्या स्थानाशी निकटचा संबंध असतो हे त्यातून स्पष्ट झाले. शिंगे असणे आणि त्या कळपात आधीपासून असणे या दोन गोष्टीही गायीच्या बाजूने पडतात. हा क्रम शिडीसारखा सरळ असतोच असे नाही; पहिली दुसरीवर, दुसरी तिसरीवर आणि तिसरी पुन्हा पहिलीवर वरचढ, अशी त्रिकोणी नातीही कळपात आढळतात. चरायला जाताना पुढे चालणारी गाय हीच कळपातील वरचढ गाय असते, हा समजही नेहमी खरा ठरत नाही.

क्रम एकदा ठरला की झुंजीची गरज राहत नाही, आणि वर्चस्वक्रमाचे खरे मोल यातच आहे. जुळलेल्या कळपात वरचढ गायीने मान किंचित खाली घालून कपाळ पुढे केले, किंवा नुसते डोके त्या दिशेला वळवले, तरी दुबळी गाय बाजूला होते. प्रत्यक्ष झुंजीचा क्रमही ठरीव असतो. दोघी प्रथम आडव्या उभ्या राहून अंगाचा आकार दाखवतात, खुराने माती उकरतात, फुरफुरतात, मग कपाळाला कपाळ भिडवून रेटू लागतात. प्रत्येकीचा प्रयत्न दुसरीच्या डोक्याला बगल देऊन तिच्या बरगडीपर्यंत पोचण्याचा असतो, आणि जिची बाजू उघडी पडते ती वळून पळते. बहुतेक झुंजी मिनिटभरात मिटतात. जोड तुल्यबळ असेल तर थकलेली गाय प्रतिस्पर्धी गायीच्या अंगाला अगदी चिकटून उभी राहते, म्हणजे फटका मारण्याइतके अंतरच उरत नाही, आणि दम घेतल्यावर दोघी पुन्हा भिडतात. माजावर आलेल्या गायीने दुसरीवर उडी घेणे किंवा तिला ढुसण्या देणे हा प्रकार मात्र यापासून वेगळा ओळखला पाहिजे, कारण तो वर्चस्वाचा नव्हे तर प्रजननाचा संकेत आहे, आणि त्याला भांडण समजून गाय बांधून टाकणारा पशुपालक कृत्रिम रेतनाची वेळ हमखास गमावतो.

येथे एक गोष्ट ठामपणे सांगणे भाग आहे. झुंज सुरू झाली की काठी घेऊन मध्ये पडावे आणि वरचढ गायीला चोप द्यावा, ही पुष्कळांची पहिली प्रतिक्रिया असते, परंतु तिने काहीच साधत नाही. अर्धवट राहिलेला निकाल लावण्यासाठी त्याच दोन गायी रात्री पुन्हा भिडतात, आणि चारपाचशे किलो वजनाच्या दोन जनावरांच्या मध्ये उभ्या राहिलेल्या माणसाचा जीव धोक्यात येतो तो वेगळाच. पशुपालकाचे खरे काम भांडण मोडण्याचे नसून हरणारीला पळायला वाट ठेवण्याचे आहे. हस्तक्षेप आवश्यक ठरतो तो ठरावीक प्रसंगी : हरलेली गाय पळाल्यानंतरही पाठलाग थांबत नसेल, गाय खाली पडली असेल, रक्त आले असेल, किंवा गाभण गायीच्या पोटावर धडका बसत असतील. अशा वेळीही अंगावर धावून जाण्यापेक्षा कुंपणाबाहेरून पाण्याचा जोरदार फवारा मारणे किंवा दोघींच्या मध्ये फळी अथवा फाटक सरकवणे अधिक सुरक्षित असते.

पळायला वाट ठेवणे ही आधी जागेची आणि मग आखणीची बाब आहे. भारतीय मानकांनुसार मुक्त गोठ्यात प्रत्येक गायीला छपराखाली साडेतीन चौरस मीटर आणि उघड्यावर सात चौरस मीटर जागा असावी, तर म्हशीसाठी हेच प्रमाण चार आणि आठ चौरस मीटर धरले जाते. ही जागा कागदावर पुरेशी असली तरी अरुंद बोळ, काटकोनातील बंद कोपरे आणि एकच चिंचोळे फाटक यांमुळे दुबळी गाय कोंडली जाते, आणि गंभीर दुखापती बहुधा अशा कोपऱ्यांतच होतात. तळ घसरडा असेल तर साधी रेटारेटीही पाय फाकण्यास किंवा हाड मोडण्यास कारण होते, म्हणून मोकळ्या भागात मुरुमाची जमीन आणि गव्हाणीपाशी खाचा पाडलेला कोबा ठेवणे हिताचे ठरते. पाण्याची टाकी एकच असेल तर तिच्यासमोर एखादी वरचढ गाय उभी राहून इतरांना अडवते. दोन टाक्या दूर अंतरावर ठेवल्यास तिला दोन्हीकडे पहारा देता येत नाही. सावलीचेही तसेच आहे. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळीस अंशांच्या आसपास गेला की संकरित गायी एकुलत्या एका झाडाखाली दाटी करतात आणि क्रमात खाली असणारी गाय उन्हात धापा टाकत उभी राहते. तिचे दूध घटते, आणि दोष मात्र खुराकाला दिला जातो.

तरीही झुंजींचे सर्वात मोठे कारण गव्हाण हेच असते. बांधलेल्या गोठ्यात मालकाने टाकलेली वैरण ज्या त्या गायीच्या तोंडी जाते. मुक्त गोठ्यात ती प्रथम वरचढ गायींच्या तोंडी जाते आणि उरलेली इतरांना मिळते. प्रत्येक मोठ्या गायीला गव्हाणीवर साठ ते पंचाहत्तर सेंटिमीटर लांबी मिळावी, असे सर्वसाधारण प्रमाण आहे. कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ही जागा अर्ध्या मीटरवरून एक मीटर केली असता गव्हाणीवरील आक्रमक प्रसंग निम्म्याहून अधिक घटले, आणि क्रमात खाली असलेल्या गायींना त्याचा विशेष लाभ झाला. फ्रान्समधील मारी-फ्रान्स बुइसू यांनी त्याही आधी दाखवून दिले होते की गव्हाणीवर दोन गायींच्या डोक्यांमध्ये आडोसा असेल तर दुबळी गाय वरचढीच्या शेजारी उभी राहूनही निर्धास्तपणे खाते. लोखंडी नळ्यांची मान अडकवण्याची चौकट बसवल्यास हेच साधते. ती परवडत नसेल तर चारा टाकल्यापासून पहिला तासभर गायी गव्हाणीवर बांधून ठेवण्याची जुनी रीत मुक्त गोठ्यातही उपयोगी पडते. उसाचे वाढे आणि मक्याचा मुरघास यांची कुट्टी नीट मिसळून गव्हाणीच्या पूर्ण लांबीवर पसरावी, कारण पेंड एकाच टोकाला पडली तर भांडणही त्याच टोकाला पेटते.

दुसरा नाजूक प्रसंग नव्या गायीच्या आगमनाचा. बाजारातून आणलेली गाय थेट कळपात सोडली की प्रत्येक जुनी गाय तिच्याशी स्वतंत्रपणे आपले नाते ठरवते, म्हणजे वीस गायींच्या गोठ्यात नवीन गायीला वीस निकालांना सामोरे जावे लागते. ब्रिटिश कोलंबियातीलच २००८ सालच्या अभ्यासात गट बदललेल्या गायी पहिल्या दिवशी गव्हाणीवरून अधिक वेळा हुसकावल्या गेल्या, त्यांनी कमी खाल्ले, आणि त्यांचे दूध त्या दिवशी सुमारे साडेतीन किलोंनी घटले. रोगप्रतिबंधासाठी नवीन जनावर काही दिवस वेगळे ठेवावेच लागते. तो काळ संपल्यावर कुंपणापलीकडे, वास घेता येईल आणि नजरानजर होईल पण धडक बसणार नाही अशा अंतरावर तिला ठेवावे. कळपात सोडताना एकटीला न सोडता दोघींना एकत्र सोडले तर त्रास वाटला जातो. सोडण्याची वेळ कळपाचे पोट भरलेले असतानाची निवडावी, गळ्यातील लोंबते दावे काढून टाकावे, आणि पहिले दोन दिवस गोठ्यावर माणूस असावा, कारण बहुतेक झुंजी याच काळात होतात. वारंवार गट बदलणे टाळणे हा यावरचा सर्वात स्वस्त उपाय आहे. लहानपणापासून एकत्र वाढलेल्या कालवडी मोठेपणी एकमेकींशी क्वचितच झुंजतात आणि परस्परांना चाटतात, म्हणून घरच्या कालवडींवर उभा केलेला कळप खरेदीच्या कळपापेक्षा शांत असतो.

शिंगांचा प्रश्न वेगळा हाताळावा लागतो. शिंगवाल्या आणि बिनशिंगी गायी एकत्र ठेवणे धोक्याचे असते, आणि खिलार गाय संकरित कळपात सोडणे त्याहून धोक्याचे. वासराच्या शिंगांचे कोंब सुमारे दोन महिन्यांच्या वयापर्यंत कवटीला जोडले गेलेले नसतात, म्हणून ते पहिल्या काही आठवड्यांतच, पशुवैद्यकाकडून आणि भूल देऊन जाळून घ्यावेत. मोठ्या गायीच्या शिंगाची पोकळी कवटीतील पोकळीशी जोडलेली असल्याने ते कापताना रक्तस्राव आणि वेदना दोन्ही फार होतात. पोळ्याला बैलांची शिंगे साळतात त्याप्रमाणे केवळ टोक बोथट करणे बरे.

वर्चस्वाच्या झुंजी हाताळण्याची ही तत्त्वे गायीपुरती मर्यादित नाहीत. चिलीच्या मध्य भागात वसाहती करून राहणारा आणि आता अनेक देशांत घरी पाळला जाणारा डेगू हा दोन-तीनशे ग्रॅमचा कुरतडणारा प्राणी, ज्याचे शास्त्रीय वर्णन ह्वान इग्नासियो मोलिना यांनी १७८२ साली केले, तोही एकटा ठेवला तर खंगतो आणि एकत्र ठेवला तर मागच्या पायांवर उभा राहून पंजांनी झुंजतो. तेथेही पिंजरे शेजारी ठेवून वासाची ओळख करून देणे, अंघोळीची वाळू दोघांत अदलाबदल करणे, खाण्याची आणि लपण्याची ठिकाणे जनावरांच्या संख्येपेक्षा अधिक ठेवणे आणि रक्त येईपर्यंत हस्तक्षेप टाळणे, हेच उपाय सांगितले जातात. फरक इतकाच की डेगूची शेपटी पकडली गेली तर तिची कातडी सोलून निघते आणि पुन्हा उगवत नाही, म्हणून त्यांना सोडवताना शेपटीला हात लावायचा नसतो.

मुक्त गोठ्यात नजर ठेवायची ती वरचढ गायीवर नव्हे. पहिलारू गाय, लंगडणारी गाय आणि नुकतीच आजारातून उठलेली गाय या तिघींची बरगडी, कास आणि पाठ रोज धारेच्या वेळी हाताने चाचपून पाहावी, कारण शिंगाचे ओरखडे केसांखाली झाकले जातात. जी गाय गव्हाण रिकामी झाल्यावरच पुढे येते किंवा सर्व गायी बसल्या तरी उभीच राहते, तिचा वाटा मारला जात आहे असे समजावे. अशा गायींसाठी त्याच गोठ्यात कुंपण घालून एक छोटा कप्पा करावा आणि पहिलारूंना पहिल्या वेताचे निदान सुरुवातीचे काही महिने तेथेच ठेवावे. विण्याच्या जवळ आलेल्या गायींसाठी असा कप्पा स्वतंत्रच हवा, आणि गोठा बांधतानाच त्याची जागा सोडलेली असली तर पुढे छप्पर व पाण्याची नळी वाढवण्याचा खर्च वाचतो.